धान्याच्या कोठीचा स्मोकर केला त्याची गोष्ट

वर्षाचं धान्य भरणं आईने कधीच बंद केलंय, गहू आता दर महिन्याला पाच-दहा किलोच येतो, त्यामुळे गच्चीवरच्या खोलीत ४० किलोची स्टीलची कोठी चार-पाच वर्षं नुसती उभी होती. १४ इंच व्यास, २२ इंच उंची, वर बसणारं झाकण. येता-जाता ती दिसायची आणि गेल्या दिवाळीनंतर एकदा डोक्यात आलं की अरे हा तर तयार स्मोकर आहे, म्हणजे मांस-मासे कोळशाच्या मंद आचेवर धुरात शिजवायचं भांडं, फक्त भोकं नाहीत. अमेरिकेत लोक ५५ गॅलनच्या, म्हणजे साधारण २०८ लिटरच्या लोखंडी ड्रमचा करतात, त्याला अग्ली ड्रम स्मोकर म्हणतात. आपली कोठी भरते ५० लिटरच्या थोडी पुढे, म्हणजे त्याचा पाव भाग. चार माणसांच्या घराला एवढा पुष्कळ झाला.

आईला विचारलं, "आई, ही कोठी घेऊ का?" ती म्हणाली, "घे, पण एकदा भोकं पाडलीस की ती परत धान्याला येणार नाही, विचार करून घे." विचार केला आणि घेतली.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो कारण बरेच जण भंगारातून पत्र्याची कोठी किंवा बादली उचलतात. राखाडी, चमकदार चकत्या दिसणारा जीआय पत्रा असेल तर घेऊ नका, त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो, जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि पेटत्या निखाऱ्याचं तापमान त्याच्या बरंच वर जातं. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो, जीआयवर काम करणाऱ्या वेल्डिंगवाल्याला विचारा. साधं लोखंड चालेल, स्टील उत्तम. रंगाचा किंवा केमिकलचा ड्रम तर कितीही घासला तरी नको.

आता रचना. खाली कोळशाची टोपली, तिच्या वर उष्णता पसरवायला एक आडोसा, त्याच्या वर जाळी आणि मग झाकण. बुडाजवळ हवा आत येते, झाकणातून धूर बाहेर जातो, बस, एवढंच यंत्र आहे. टोपली केली एक्सपांडेड मेटलच्या, म्हणजे पत्र्याला चिरा देऊन ताणून केलेल्या जाळीची, ती जुन्या बाजारात रविवारी किलोवर मिळाली, ९ इंच व्यास आणि ६ इंच उंच, खाली २ इंचाचे पाय कारण राख खाली पडली पाहिजे, पाय नसले की तासाभरात राख साचून हवा कोंडते. तिच्यात दीड किलोच्या आसपास लोणारी कोळसा मावतो. वरची जाळी बुडापासून १६ इंचांवर, तिला टेकू म्हणून आतून तीन बोल्ट.

स्टीलला भोक पाडताना मी पहिल्याच दिवशी दोन बिटं जाळली. लाकडाला लावतो तसं ड्रिल फुल स्पीडला लावलं आणि बिट कापण्याऐवजी नुसतं घासत राहिलं, त्या घासण्याने स्टील त्या जागी आणखी कडक होत गेलं. मग आमच्या भागातल्या एका टर्नरने सांगितलं की स्पीड एकदम कमी ठेव, जोर लाव, आणि तेलाचा थेंब सोडत राहा, मध्ये थांबू नको. खोबरेल तेल घेतलं हाताशी होतं म्हणून, आणि खरंच लांबलचक कुरळी कात निघायला लागली. मोठ्या भोकांना स्टेप ड्रिल, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं बिट वापरलं. खाली समोरासमोर दोन भोकं, त्यात पाऊण इंची पितळी निपल म्हणजे आट्यांचा आखूड पाइप, तो आवळायला आतून-बाहेरून चेकनट, एकाला बाहेरून बॉल व्हॉल्व्ह आणि दुसऱ्याला नुसती टोपी. झाकणात अर्ध्या इंचाची पाच भोकं. हा हिशोब मुद्दाम केला होता: पाऊण इंचाची दोन भोकं मिळून पाऊण-एक चौरस इंच, नेमकं सांगायचं तर ०.८८, आणि वरची पाच मिळून ०.९८, म्हणजे बाहेर जायला वाट आत यायच्या वाटेपेक्षा किंचित मोठी. धूर आत रेंगाळला नाही पाहिजे यासाठी.

पहिल्यांदा रिकामाच पेटवला, आतलं मशीनचं तेल, हाताचे डाग सगळं जळून जावं म्हणून. तासाभराने कोठीच्या खालच्या भागावर सोनेरी पट्टा आला, मग त्याच्या खाली जांभळा, एकदम बुडाशी निळा. स्टील तापलं की असे रंग चढतात. मी खुर्ची टाकून बघत बसलो होतो, फार सुंदर दिसत होतं ते.

आणि मग खरा त्रास सुरू झाला. मला हवं होतं ११० ते १२० अंश, पाच तास. थर्मामीटर सांगत होता १९०. बॉल व्हॉल्व्ह बंद केला, १८५. टोपीही लावली, म्हणजे कागदावर हवेची वाट शून्य, तरी १७०. अर्ध्या तासाने बघतो तर अजून १७०, आणि कोळसा मात्र भराभर संपतोय.

मी तेव्हा समजत होतो की कोळसा जास्त झाला. पुढच्या वेळी अर्धाच घातला तर तेवढाच तापला, फक्त लवकर संपला. हे कळायला मला तीन रविवार गेले की आगीचं तापमान तुम्ही किती कोळसा घातला त्याच्यावर नसतं, किती हवा दिली त्याच्यावर असतं. कोळसा म्हणजे बहुतेक कार्बनच, तो प्राणवायू मिळेल तेवढाच जळणार. आणि माझ्या कोठीला मी न पाडलेली भोकं होती.

ती शोधायला उदबत्ती लावली. स्मोकर चालू असताना पेटती उदबत्ती घेऊन बुडापासून वर हळूहळू फिरवत गेलो. बाकी सगळीकडे धुराची रेघ सरळ वर जात होती, आणि एका निपलच्या चेकनटपाशी आल्यावर ती रेघ एकदम वाकली आणि आत ओढली गेली, जसं कोणी फुंकून नाही तर शोषून घ्यावं तशी. तिथे कोठीचा गोलवा आणि सपाट नट यांच्यात केसाएवढी फट होती. झाकणाच्या कडेला तर उलटा प्रकार, तिथून धुराची झालर बाहेर येत होती पूर्ण गोल. कोठीचं झाकण धान्यात उंदीर जाऊ नये एवढंच घट्ट असतं, हवाबंद करायला ते केलेलंच नाही. वरून गरम हवा निसटते, की खालून तेवढीच नवीन ओढली जाते. मोठ्या ड्रमला एवढी फट खपून जाते, पण ५० लिटरच्या भांड्यात तीच फट म्हणजे अख्खा एक व्हॉल्व्ह उघडा टाकल्यासारखं आहे, लहान स्मोकर बनवणाऱ्याने बाकी काही नाही तरी एवढं डोक्यात ठेवा.

चेकनटच्या मागे तांब्याचं वॉशर ठोकून गोलाव्यात बसवलं, ते काम झालं. झाकणाला पहिला उपाय केला तो दम बिर्याणीचा, कणीक मळून कडेला लिंपली. आणि चालला की तो! पहिल्यांदाच व्हॉल्व्ह फिरवला तसा काटा खाली आला. पण दोन तासांनी कणीक भाजून कडक झाली, झाकण उघडायला ती फोडावी लागली, आणि मध्ये मांस बघायचं तर परत मळा, परत लिंपा. म्हणून कायमची दोरी लावायचं ठरवलं. हार्डवेअरच्या दुकानात दोरी मागितली तर समोर आली अ‍ॅसबेस्टॉसची. ती घेतली नाही, तुम्हीही घेऊ नका, त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि आपण तर अन्न शिजवतोय. फायबर ग्लासची दोरी वेगळी मागावी लागते, भट्टीच्या दारांना लावतात ती. झाकणाच्या आतल्या कडेला उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने चिकटवली आणि वरून दोन खटके लावले, पत्र्याच्या पेटीला असतात तसले.

थर्मामीटरचं पण सांगतो. मी आधी झाकणात घड्याळासारखा डायल बसवला होता, तो जाळीवरच्या तापमानापेक्षा २५-३० अंश वेगळंच सांगायचा. मांस जाळीवर आहे, झाकणाला चिकटलेलं नाही, तर मोजायचं पण तिथेच. आता वायरवाला प्रोब, म्हणजे टोकाशी तापमान मोजणारी सळी वापरतो, एक जाळीवर आणि एक मांसात. आणून आधी उकळत्या पाण्यात तपासा, पुण्यात आपण ५६० मीटरच्या आसपास उंचीवर आहोत त्यामुळे पाणी ९८ अंशांनाच उकळतं, १०० दाखवत नाही म्हणून थर्मामीटर परत करू नका.

यानंतर एक चूक झाली ती चवीत आली. तापमान आटोक्यात येतंय म्हटल्यावर मी शहाणपणा म्हणून झाकणावरची भोकं पण चकती फिरवून अर्धी बंद करायला लागलो, वाटलं धूर आत जास्त वेळ राहील तर वास जास्त लागेल. त्या दिवशीचं चिकन बघायला तपकिरी, चकचकीत, आणि तोंडात घातलं तर जिभेवर डांबर. कडू, आणि जीभ बधिर. घरच्यांनी एक-एक घास घेतला आणि ताट बाजूला सरकवलं, मला फार वाईट वाटलं कारण ते पहिलंच पूर्ण जेवण होतं. कोंडलेला धूर शिळा होतो, त्यातली अर्धवट जळलेली द्रव्यं थंड मांसावर जाऊन बसतात. झाकणातून निघणारा धूर पांढरा, दाट, लोकरीसारखा दिसत असेल तर मांस आत ठेवूच नका, थांबा. पंधरा-वीस मिनिटांनी तो पातळ होतो, उन्हात धरला तर निळसर दिसतो, कधी कधी दिसतच नाही नुसता वास येतो, तेव्हा ठेवायचं. वरची भोकं कायम पूर्ण उघडी, जे काय करायचं ते खालच्या व्हॉल्व्हने. ती चकती मी काढून फेकून दिली.

पेटवायची पद्धतही तेव्हाच बदलली. सगळा कोळसा एकदम फुलवायचा नाही. टोपली न पेटवलेल्या कोळशाने भरायची, मधे खळगा, त्यात सहा-सात फुललेले निखारे. आग मधून बाहेर हळूहळू सरकत जाते. याला मिनियन पद्धत म्हणतात, जिम मिनियन नावाच्या बार्बेक्यू स्पर्धांत उतरणाऱ्या अमेरिकन माणसाच्या नावावरून. कोळशाच्या मध्ये मध्ये लाकडाचे मुठीएवढे दोन-तीन तुकडे, आंब्याचे किंवा पेरूचे, वर्षभर वाळलेले. नारळाची सोडणं पण घालून बघितली, माझ्याकडे त्याचा धूर दाट आणि उग्र झाला, परत घातली नाहीत. रंग दिलेलं, प्लायवूड, पॅकिंगचं लाकूड यातलं काहीही नको.

आडोशाला आधी पाण्याची परात ठेवली होती. मोठ्या स्मोकरला पाणी छान, ते १०० च्या वर तापत नाही त्यामुळे तापमान धरून ठेवतं. पण माझ्या दीड किलो कोळशातला बराचसा जीव त्या पाण्याची वाफ करण्यातच जायचा. मग कुंभारवाड्यातून कुंडीखाली ठेवायची मातीची बशी आणली, ९ इंची, भोवती अडीच इंचाची वाट सोडून. ती तापते, उष्णता धरते, निखाऱ्याची थेट धग वर लागू देत नाही आणि पाण्यासारखं काही खात नाही.

एवढं सगळं होऊनही कोळसा अडीच तासांतच संपत होता. कारण कोठीचा पत्रा पातळ, आणि आमच्या गच्चीवर डिसेंबरात संध्याकाळी वारा सुटतो. वाऱ्याची एक झुळूक आली की काटा दहा अंश खाली. सिरॅमिक वूल, म्हणजे भट्टीला लावतात ती उष्णता अडवणारी लोकर, गुंडाळायचा विचार होता. आई चहा घेऊन वर आली, हात लावून बघायला गेली आणि चटका बसून मागे झाली. म्हणाली, "याला लिंप ना. चुलीला काय नुसता पत्रा असतो का?"

आई यावल तालुक्यातली, लहानपणी घरात चुलीच होत्या आणि दर काही दिवसांनी लिंपायचं काम मुलींकडे. मी उत्साहात बाजूच्या प्लॉटमधली काळी माती कालवून थापली, दोन दिवसांत तिला असे तडे गेले की बोट आत जाईल. आईने बघितलं आणि नुसती मान हलवली. काळी माती लिंपायला घेतच नाहीत, ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. मग कुंभाराकडून माती आणली, तिच्यात चाळलेली राख, भाताचा तूस, आणि शेण, पाणी घालून दोन दिवस भिजत ठेवली. तिसऱ्या दिवशी आईने स्वतः तुडवली. हातात गोळा घेऊन मुठीत दाबला, बोटांच्या मधून माती वर आली ती तुटली नाही, वाकली, "आता झाली," म्हणाली. तूस कशाला तर तडा पुढे सरकत नाही, त्या काडीपाशी अडतो. पुढे वाचलं तेव्हा कळलं की तूस आतून जळून गेल्यावर जी बारीक पोकळी राहते तिच्यातली हवा पण उष्णता अडवते.

गुळगुळीत स्टीलवर माती टिकत नाही म्हणून आधी कोठीला चिकनमेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, गुंडाळून तारेने आवळली. पहिला थर अर्धा इंच, बोटांनी जाळीत दाबून बसवलेला. तो सावलीत ओल्या गोणपाटाखाली चार दिवस. मग दुसरा अर्धा इंच, त्याच्यावर आईने हाताने गोल गोल फिरवून पोत दिला, तिच्या बोटांच्या रेघा अजून तशाच आहेत. सोनेरी-निळे पट्टे खाली गेले याचं थोडं वाईट वाटलं खरं. आठवडाभर सुकवून मग लहान लहान आगी, पहिल्या दिवशी मूठभर कोळसा, दुसऱ्या दिवशी दोन मुठी, एकदम तापवलं तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात.

लिंपल्यानंतर दीड किलो कोळशात साडेपाच तास. व्हॉल्व्ह पाव उघडा, टोपी बंद, काटा ११२ ते ११८ च्या मध्ये, आणि वारा आला गेला त्याला पत्ता नाही. त्या रात्री मी दर अर्ध्या तासाने वहीत आकडे लिहीत होतो, ते सगळे एका रेघेत आलेले बघून जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

आता खाण्याचं. बांगडे यात सगळ्यात छान होतात. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, त्यात साफ केलेले बांगडे अर्धा तास, मग पुसून पंख्याखाली तासभर, कातडीला बोट लावलं तर किंचित चिकट लागेपर्यंत. त्या चिकट पापुद्र्यावरच धूर नीट बसतो, ओल्या माशावर नाही. ९० ते १०० अंशांवर सव्वा तास, आंब्याचं लाकूड. आपल्या किनाऱ्यावर मासे मुख्यतः उन्हात वाळवतात, वलांडीवर टांगलेले बोंबील सगळ्यांनी पाहिलेत, पण धुरावर शिजलेला बांगडा गरम भात आणि सोलकढीबरोबर खाऊन बघा एकदा. आणि हा काही वाळवलेल्यासारखा टिकत नाही, दोन दिवसांत फ्रीजमधून संपवायचा.

चिकन घेताना खाटकाला कातडीसकट सांगावं लागतं, आपल्याकडे न सांगता सोलूनच देतात आणि सोललेलं कोरडं पडतं. कातडी कमी तापमानात रबरासारखी होते म्हणून शेवटची वीस मिनिटं दोन्ही वाटा उघडून १५० पर्यंत नेतो. हाडाजवळ ७४ अंश झाल्याशिवाय काढायचं नाही, आणि रंगावर जाऊ नका, धुराने मांस आतून गुलाबी राहतं.

बोकडाचा पुढचा पाय, दीड किलोचा, याला धीर लागतो. ६८ अंशांना काटा जो थांबला तो दीड तास हलला नाही. मांसातलं पाणी वर येऊन उडत असतं आणि ते मांसाला थंड करत राहतं, घाम आल्यावर आपल्याला होतं तसंच, म्हणून आग वाढवायची नाही. बोकडाला चरबी कमी, त्यामुळे याच टप्प्यावर मी तो केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळतो, नाहीतर सुकून चिंधी होते. अजून दोन तासांत हाड हाताने ओढलं की सुटून येतं.

शेजारच्या काकूंनी एकदा खालून हाक मारली, "अहो, कपडे वाळत घातलेत हो!" बरोबरच होतं त्यांचं, तो सुरुवातीचा पांढरा धूर सगळा त्यांच्या दोरीवर जात होता. आता त्यांना आदल्या दिवशी विचारतो आणि संध्याकाळी कपडे काढल्यावरच पेटवतो. आणि हे कृपया गांभीर्याने घ्या, बंद खोलीत, काचा लावलेल्या बाल्कनीत, पाऊस आला म्हणून जिन्यात, कुठेही आत आणू नका, कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. काम झालं की व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर तिथेच ठेवायचा, राख दुसऱ्या दिवशी. उरलेला कोळसा विझून तसाच राहतो, पुढच्या वेळी वापरता येतो.

झाकणाची मूठ तापायची म्हणून तिथे जुन्या लाटण्याचा अर्धा तुकडा बोल्टने बसवलाय. पावसाळ्यासाठी खाली विटांचा ओटा केला आणि वरून ताडपत्री, मातीला पाणी लागू द्यायचं नाही. एका जागी, व्हॉल्व्हच्या वर, बारीक तडा गेलाय, त्यात आई राखेचं पाणी भरते.

मागच्या रविवारी तिने स्वतःसाठी पेटवायला लावला. जळगावहून मामाने भरताची वांगी पाठवली होती, हिरवी, लांब, मऊ. तिकडे ती कपाशीच्या काड्यांवर भाजतात, काड्या इथे कुठून आणणार. आंब्याचा एकच तुकडा घातला, बशी काढून टाकली, दोन्ही वाटा उघड्या, वांगी चाळीस मिनिटं. सालं सुटली, देठापाशी रस जमून बुडबुडे यायला लागले. आईने पाट्यावर मिरची-लसूण वाटून ठेवलंच होतं, कांद्याची पात आणि शेंगदाणे घातले, आणि चव घेऊन म्हणाली, "काड्यांचा वास वेगळा असतो रे. पण पुढच्या वेळी वांगी जास्त लाव."